आत खीर होती का

गोमा,

परवा कल्याणहून ठाण्याला आलो तेव्हा सवयीने हात खांद्यावरच्या उपरण्याकडे गेला. इंजिनापासून तिसरा डबा, फलाटाकडची खिडकी, गजाला बांधलेले उपरणे, ही आपली खूण. तू ते लांबूनच ओळखायचास आणि गाडी पुरती थांबायच्या आत दाराशी उभा असायचास, कमरेला भाकरीचे फडके आणि तोंडात एकच वाक्य : "भटा, आज मशिदीला उतराचा." परवा गाठ अर्धी मारून झाल्यावर मला आठवले की तुझे तेरावे आदल्याच दिवशी होऊन गेले, आणि मी तुझ्या आईला भेटायला चाललो आहे.

तू तीन दिवसांच्या तापाने गेलास हे मला मामाच्या पत्रातून कळले. पत्रात दोन ओळी होत्या आणि बाकी घरच्या बातम्या. त्या दोन ओळी वाचून मला रडू आले नाही. आधी भीती वाटली. आता हा काही बोलणार नाही, हा विचार मनात आला आणि त्या विचाराबरोबर थोडे हायसेही वाटले. गोमा, मित्र मेल्याचे कळल्यावर हायसे वाटणारा माणूस कसा असतो ते मी त्या दिवशी पाहिले. हे पत्र त्याबद्दल आहे.

मुंबईला हॉकी बघायला जायचे तर कुठे उतरायचे आणि कुठे जेवायचे, हे मला तूच शिकवलेस. तू मिठागरात काम करायचास आणि मिठाचा हंगाम संपला की गवताच्या गाड्यांबरोबर मुंबईला जायचास, पलटणीच्या पागेत. तिथे तू शिपायांना वाकड्या काठ्या घेऊन चेंडूमागे धावताना पाहिलेस आणि येऊन मला सांगितलेस, "आपली आट्यापाट्या आनि इटीदांडू याचा लगीन लावला ना, तर जी पोर होईल ती ह्यी." मी तेव्हा ठाण्याला मामाकडे राहून शिकत होतो. दोन वर्षे तू आमच्या शाळेत होतास, मग बापाने तुला मिठागरात ओढले. पण वाचायचे तू सोडले नाहीस. सावकाश, बोट ठेवून, ओठ हलवत, पण वाचायचास.

मी मात्र वाचण्यावरच वाढलो. माझ्या वडिलांच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा चोपड्या जास्त. इतर मुलांना झोपताना राजाराणीच्या गोष्टी सांगत, मला जातिभेदाच्या खंडनाचे निबंध वाचून दाखवीत. बाराव्या वर्षी मला पंक्तिभेदाविरुद्ध सतरा मुद्दे पाठ होते. तू एकदा विचारलेस, "सतरा कशाला? एक बस व्हईल ना?" मी तुला सतराही ऐकवले. तू मीठ ओढण्याच्या फळीवर रेलून ऐकून घेतलेस आणि शेवटी म्हणालास, "बराबर हाय. चल, पान्यान उतर आता, फली धर." मी पाण्यात उतरलो नाही. ऊन फार होते.

मग मला कल्याणच्या शाळेत मास्तरकी मिळाली आणि आपले भेटणे म्हणजे गाडीतले भेटणे झाले. महिन्यातून एखादा खेळ. आपला वाद कधीच मिटला नाही. मी म्हणायचो, भायखळ्याला उतरून घोड्यांची ट्राम धरावी, सुशिक्षित माणसासारखे बसून मैदानापर्यंत जावे. तू म्हणायचास, मशीद बंदराला उतरावे आणि पायी. "ट्रामीन बसला का भूक लागत नाय. चालला का लागते. भूक लागली का भाकर गोड, आनि पोट भरला का खेल गोड." आणखी एक कारण तू सांगायचा नाहीस, ते मला फार उशिरा कळले. त्या पायवाटेवर एक तळे होते, त्याच्या काठी वडाची सावली, आणि तिथे कोण कोणाशेजारी बसून खातो हे बघायला कुणाला फुरसत नव्हती. तू उतरायची जागा माझ्यासाठी निवडली होतीस.

त्या वडाखाली आपण जेवायचो. माझी आत्या दशम्या बांधून द्यायची. दुधात भिजवलेल्या पिठाची दशमी प्रवासात विटाळत नाही, म्हणून घरातल्या सोवळ्याला धक्का न लागता सुधारकाचे पोट भरत असे. तुझी तांदळाची भाकरी आणि लसणीची चटणी. एकदा तू भाकरीचा तुकडा पुढे केलास. मी इकडे तिकडे पाहिले आणि मग खाल्ला. खाल्ल्यावर मला इतका अभिमान वाटला की मैदान येईपर्यंत मी समतेवर बोलत होतो. तू मधेच म्हणालास, "चटनी तिखट लागली काय? डोल्यान पानी आयला तुज्या." मी म्हणालो, नाही. ती तिखटच होती. आणि आधी इकडे तिकडे पाहिले होते, ते तू पाहिले होतेस.

खेळ कसा बघावा हेही तुझेच. मी चेंडूमागे मान फिरवून थकायचो. "चेंडू नको बगू, पाय बग. चेंडू लबाड हाय. गडी कुठं जानार ता त्याच्या पायाना आधी कलतं." त्या एका वाक्याने मला तो खेळ दिसायला लागला. त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मला वाटे, शिकवायचे काम माझे.

आता त्या दिवसाबद्दल. तू वाचत असतास तर इथे बोट ठेवून थांबला असतास.

त्या दिवशी मी गाडीतच जाहीर केले की आज गाठोडी नकोत, आज खानावळीत जेवायचे, माणसांसारखे. तू म्हणालास, "झाडाखाली आपून कोन असताव मंग?" पण तू भाकरीचे फडके फलाटावरच्या म्हातारीला देऊन टाकलेस. मी गिरगावातली जी खानावळ निवडली ती ब्राह्मणांची, आणि मी ती मुद्दाम निवडली. तिथे आमची लिहिणारी मंडळी जेवायची. मला तुझ्याबरोबर जेवायचे होते यापेक्षा तुझ्याबरोबर जेवताना दिसायचे होते. खिशात माझ्या नव्या निबंधाचे कच्चे कागद होते. विषय सहभोजन.

दारात पाय धुतले. खानावळीचे मालक सोवळ्याने जेवणाऱ्यांसाठी ओले पंचे घेऊन उभे होते. चांगला माणूस होता तो, आजही म्हणतो. त्यांनी माझ्याकडे बघून हसून विचारले, "या मास्तर. आणि हा बरोबरचा गडी का?"

यात कसला अपमान नव्हता, दम नव्हता. साधा प्रश्न होता. सतरापैकी एक मुद्दासुद्धा लागणार नव्हता. "नाही, मित्र आहे" एवढे म्हटले असते तरी झाले असते. मग ते म्हणाले असते, माफ करा, आमच्याकडे चालणार नाही, आणि आपण दोघे उपाशी पोटी हसत मैदानावर गेलो असतो.

मी म्हणालो, "हं."

तू माझ्या तोंडाकडे पाहिले नाहीस. तू माझ्या पायांकडे पाहिलेस. एक पाय उंबऱ्याच्या आत होता.

"मग त्याला ओट्यावर वाढतो," मालक म्हणाले, "पोटभर वाढीन, काळजी नको." आणि तू म्हणालास, "व्हय मालक, ओटा चांगला हाय, वारा येतो." तू मला सोडवत होतास. मी सुटलो.

आत कुणा विद्यार्थ्याने परीक्षा पास झाल्याबद्दल सगळ्या पंगतीला खीर घातली होती. आमच्या मंडळींपैकी दोघे समोरच्या पाटांवर होते. त्यांनी निबंधाचे विचारले आणि मी सांगू लागलो. गोमा, मी खिरीची वाटी हातात धरून सहभोजनावर बोललो. जेवणाने जात जात नाही, भित्रेपणाने माणूसपण जाते, हे वाक्य मी तिथेच जुळवले आणि त्यांना ते फार आवडले. माझ्या पाठीमागे खिडकी होती, आणि खिडकीपलीकडे ओटा. तुला प्रत्येक शब्द ऐकू येत असणार.

हात धुऊन बाहेर आलो तर तू पत्रावळ टाकून आला होतास आणि जेवल्या जागेला शेण लावत होतास. कुणी सांगितले नव्हते. तू मालकाला विचारून घेतलेस, शेण कुठे ठेवता. मला बघून म्हणालास, "चल, नायतर जागा नाय मिलनार." रस्ताभर तू खेळाचेच बोललास. मैदानाच्या कडेला फुटाणे घेतलेस आणि पुडा माझ्यापुढे धरलास. मी ते सगळ्यांदेखत खाल्ले. फुटाणे कोरडे, त्यांना विटाळ नसतो.

महिन्याभरात निबंध छापून आला. तू म्हणशील, त्यात तो दिवस नसता तर निदान खोटे तरी झाले नसते. पण तो दिवस होता. मी लिहिले की मी आणि माझा एक आगरी मित्र एका नामांकित खानावळीत मांडीला मांडी लावून जेवलो, आणि आकाश कोसळले नाही. लिहिताना मी स्वतःला समजावले की हे वर्णन नाही, दृष्टांत आहे. लोकांना सवय लागावी म्हणून. वडिलांनी पाठीवर हात ठेवला. अनोळखी लोकांनी धैर्याबद्दल पत्रे पाठवली. मी प्रत्येकाला उत्तर लिहिले.

तुला मी प्रत दिली नव्हती. ती तुझ्या हाती कशी लागली माहीत नाही. ठाण्याच्या फलाटावरच्या बाकावर तू ती घेऊन बसला होतास. मला बसवलेस आणि ते पान काढलेस, बोट ठेवून, ओठ हलवत पुन्हा वाचलेस.

"झक्क लिवलंस," म्हणालास.

मी रुळांकडे बघत होतो.

"यात खीर बी हाय."

"हो."

"आत खीर व्हती काय त्या दिशी?"

"होती."

"गोड?"

"गोड होती."

तू मान हलवलीस, जणू एवढेच विचारायचे होते. मग ती प्रत घडी करून बंडीत ठेवलीस आणि म्हणालास, "ही मना ऱ्हाऊ दे." तुझ्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. मी तो टोमणा इतका शोधला, गोमा. राग असता तर मला त्यावर काही लिहिता आले असते.

त्यानंतर आपण खेळाला गेलो नाही. तुला वाटले असेल मी कामात आहे. मी कामात नव्हतो. त्यानंतर दोनदा मी एकटाच मुंबईला गेलो आणि दोन्ही वेळा ठाणे येताना उपरणे मांडीवर घडी करून ठेवले आणि पलीकडच्या खिडकीशी बसलो, खाडीच्या बाजूला. दुसऱ्या वेळी तू फलाटावर होतास. तिसऱ्या डब्यापाशी उभा राहून एकेक खिडकी बघत होतास. फडके कमरेला होते. गाडी सुटल्यावर तू थोडा चाललास, मग थांबलास. मी भायखळ्याला उतरून ट्राम धरली. तू म्हणायचास ते खरे आहे, ट्रामीत बसले की भूक लागत नाही.

ती तुझी शेवटची भेट. तिला भेट म्हणायचे तर.

परवा स्टेशनावरून चालत माजिवड्याला, तुझ्या गावी आलो. तुझ्या ओट्यावर मी पहिल्यांदाच आलो, हेही इथे लिहून ठेवतो. इतक्या वर्षांत तू कधी बोलावले नाहीस आणि मी कधी विचारले नाही. तुझी आई दारात तांदूळ पाखडत होती. मी नाव सांगायच्या आत ती म्हणाली, "तू त्याचा भट ना? बस बाबा. तेराव्याचा तुजा शिधा काढून ठेवलाय. तू येशील ता मना ठाव व्हता."

कोऱ्या सुपात तांदूळ, डाळ, गूळ, वर एक नारळ. भटाला शिजवलेले चालत नाही, म्हणून कोरडा शिधा. तिने तो किती नीट मांडला होता. मी बघत राहिलो. ती पाखडता पाखडता बोलत होती, तू तापात काय बोललास, मिठागरातले कोण कोण खांद्याला आले. मग सूप खाली ठेवून म्हणाली :

"तुजी एक गोठ तो सारख्या वेला सांगायचा. लगनान, तिठ्यावर, सगल्यांना. मुंबईच्या खानावलीन बामनांनी त्याला ओट्यावर बसवला. मंग म्हने तू आतून आपला पान उचलून आयलास, नि त्याच्या बाजूला ओट्यावर बसलास. कोन काय बोल्ला तरी उठला नाय. नि तुज्या वाटीतली अर्धी खीर त्याला दिलीस. खीर म्हने लय गोड व्हती."

गोमा, मी त्या दिवसाबद्दल शंभर वेळा विचार केला होता. मालकाला काय उत्तर द्यायला हवे होते, आत तुला कसे नेता आले असते, पंगतीत कोणती सभा गाजवता आली असती. पण पान उचलून बाहेर यावे, हे मला एकदाही सुचले नाही. त्याला काही लागत नव्हते. मालकाशी भांडण नको, मुद्दे नकोत, एक शब्द नको. चार पावले. मी छापलेल्या गोष्टीत तुला आत ओढून आणले आणि शूर झालो. तू तुझ्या गोष्टीत मला फक्त बाहेर आणलेस. जे मला जमण्यासारखे होते तेवढेच तू माझ्याकडून करवून घेतलेस, आणि ते मी केले म्हणून गावभर सांगितलेस.

ती माझ्याकडे बघत होती. तिचा मुलगा जाऊन दोन आठवडे झाले होते आणि तिच्याजवळ ही एक गोष्ट होती. गप्प बसणे ही दया ठरली असती, असे मला वाटले. मग ध्यानात आले की "हं" म्हणतानाही मला असेच काहीतरी वाटले होते.

"आई," मी म्हणालो, "मी बाहेर आलो नव्हतो."

तिला कळले नाही. मी पुन्हा सांगितले. मालकांनी काय विचारले, मी काय म्हणालो, तू कुठे जेवलास, शेण कुणी लावले. सगळे सांगितले. ती ऐकत होती. तिने मधे एकदाच विचारले.

"मंग खीर?"

"मी एकट्याने खाल्ली."

तिने पाखडलेल्या तांदळातला एक खडा उचलून अंगणात टाकला. मग शिध्याचे सूप माझ्यासमोर सरकवले. "घे. गाडी चुकेल तुजी," म्हणाली, आणि आपले सूप उचलून आत गेली. आतून पाखडण्याचा आवाज येत राहिला. मी शिधा फडक्यात बांधून घेतला आणि निघालो. न घेणे हा आणखी एक अपमान झाला असता. घेणे हा कोणाचा झाला, ते मला ठरवता येत नाही.

आज सकाळी मी छापखान्यात जाऊन निबंधाची दुसरी आवृत्ती थांबवली. खानावळीचे पान काढून त्या जागी घडले ते जसेच्या तसे लिहून दिले. छापखान्याचे मालक म्हणाले, "मास्तर, हे छापले तर लोक तुमचे बाकीचे मुद्देही मानणार नाहीत." मी म्हणालो, मुद्दे खरे आहेत, ते माझ्यावाचून चालतील. मला हे फार मोठे काम केल्यासारखे वाटायला लागले होते, पण घरी आलो तर कोपऱ्यात ते फडके होते. आत्याने विचारले, कुठला शिधा, शिजायला टाकू का. मी नको म्हणालो.

हे तांदूळ माझ्या घरी शिजायचे नाहीत. उद्या सकाळच्या गाडीने ते परत माजिवड्याला नेणार आहे. तुझ्या आईला सांगेन, आई, हे तुझ्या चुलीवर शिजवून मला वाढ, मी ओट्यावर बसतो. तिने वाढले तर जेवीन, पान मी उचलीन, जागेला शेण मी लावीन, रस्त्यावरून कोण जाते ते न बघता. नाही वाढले तर तिथेच बसेन, गाडीची वेळ होईपर्यंत. वाढायचे की नाही हे तिने ठरवायचे. तिच्या दारात मी एकही मुद्दा बोलणार नाही.

तुझा वाद तू जिंकलास, मशिदीलाच उतरायला हवे होते. उद्या ठाणे यायच्या आधी मी तिसऱ्या डब्याच्या खिडकीला उपरणे बांधीन. फलाटाच्या बाजूला.